पत्ता चुकलेली दुकाने

पत्ता सांगण्याची आपली एक खास तऱ्हा आहे. "मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा, पुढे पिठाची गिरणी लागेल, तिच्या समोरच्या बोळात तिसरे दुकान. नाहीच सापडले तर कोणालाही विचारा!" या शेवटच्या वाक्याच्या भरवशावर गावोगावच्या शिंप्यांचे, घड्याळजींचे, सायकलवाल्यांचे धंदे दोन-दोन पिढ्या चालले. दुकानावर धड पाटी नसली तरी बिघडत नसे. कोपऱ्यावरचा पानवाला हीच त्या भागाची चालतीबोलती डिरेक्टरी होती.

आता हे 'कोणालाही' बदलले आहे. नव्या इमारतीत राहायला आलेले जोडपे पानवाल्याला विचारत नाही. ते हातातल्या फोनला विचारते : जवळपास मिक्सर दुरुस्त कोण करते? फोन जी दोन-तीन नावे वर दाखवतो, तेवढीच दुकाने त्यांच्या लेखी गावात असतात. चाळीस वर्षे त्याच रस्त्यावर बसलेला कारागीर त्या यादीत नसेल, तर त्यांच्यापुरता तो नाहीच.

यादीचे हे महत्त्व तसे जुने. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ साली टेलिफोनधारकांची पहिली यादी निघाली, ती एका कागदावर मावली होती. त्यात पन्नास नोंदी होत्या आणि नंबर एकही नव्हता. नाव सांगितले की ऑपरेटर जोडून देई. पुढे धंद्यांची वेगळी पिवळी पाने आली. आपल्याकडे तर या पिवळ्या पानांवरून महानगर टेलिफोन निगम आणि टाटा प्रेस यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने १९९५ साली त्याच खटल्यात दिला. पुढच्याच वर्षी मुंबईत 'जस्ट डायल' सुरू झाले आणि दुकानाचा पत्ता फोनवर विचारता येऊ लागला. आज हेच काम गूगलचा नकाशा आणि इंटरनेटवरच्या डझनभर डिरेक्टऱ्या करतात. फरक एवढाच, की छापील यादीतली चूक वर्षभराने नव्या आवृत्तीत सुधारे. इथली चूक कोणी हात लावीपर्यंत तशीच राहते, आणि एका यादीतून दुसरीत जातेही.

आमच्या पेठेत मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करणारे एक काका आहेत. वाडा पाडून इमारत व्हायची म्हणून २०२१ साली त्यांनी दुकान दोन गल्ल्या पलीकडे हलवले. जुन्या गिऱ्हाइकांना तोंडी कळले, पण नवे गिऱ्हाईक येईनासे झाले. "लोक हल्ली दुरुस्त कुठे करतात, ताई? नवीनच घेतात," हे त्यांचे निदान. ते थोडे खरेही आहे. पण मी फोनवर त्यांचे दुकान शोधले, तेव्हा दुसरेच कारण समोर आले. एका डिरेक्टरीत जुन्या वाड्याचा पत्ता होता. दुसरीत केव्हाच बंद झालेला लँडलाइन नंबर होता. तिसरीत त्यांची नोंद 'विजेच्या वस्तूंची विक्री' या सदरात होती, दुरुस्तीचा उल्लेखच नव्हता. आणि नकाशावर चक्क 'कायमचे बंद' असा शेरा! कोणी तरी वाड्याच्या जागी खणलेला खड्डा पाहून तसे कळवले असणार. त्याचाही दोष नव्हता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचले आणि म्हणाले, "म्हणजे मी जिवंत आहे, हे यांना आता कोणी सांगायचं?"

सांगायचे ते त्यांनीच. त्यांची कॉलेजात जाणारी नात आणि मी, आम्ही बसलो. आधी एका वहीत दुकानाचे नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर एकदाच नीट लिहून काढला, मराठीत आणि इंग्रजीत. ही मूळ प्रत. मग एकेका डिरेक्टरीत जाऊन तीच अक्षरे तशीच उतरवली. नकाशाने मालकीचा पुरावा म्हणून व्हिडिओ मागितला. काकांनी रस्ता दाखवला, पाटी दाखवली, कुलूप काढून शटर वर केले आणि टेबलावरची हत्यारे दाखवली. सदर बदलून 'दुरुस्ती' केले, वेळा आणि सुटीचा वार घातला. हे सगळे मार्गी लागायला काही आठवडे गेले. पैसा मात्र लागला नाही.

अक्षरे तीच ठेवण्याचा आग्रह का? तर यंत्राला अंदाज करावा लागतो. आपण 'लक्ष्मी' हे नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ साली झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली. जुन्या नोंदींत मात्र जुनीच नावे आहेत. माणूस हे समजून घेतो, यंत्राला मात्र ही दोन वेगळी दुकाने वाटू शकतात. पत्त्यांचा हा घोळ आपल्या टपाल खात्यानेही सोसला आहे. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा, अनेक लिप्या! त्यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड आला. तो आणणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतात कविता करीत. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने पत्त्यासाठी आकड्यांचा आधार घेतला, यात पुष्कळ शहाणपण आहे.

अर्थात शंभर डिरेक्टऱ्यांत नाव घातले की दुकान वर येते, असे समजू नये. विचारणाऱ्याला जे हवे ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचा लौकिक किती, या तीन गोष्टी पाहतो, असे गूगलच सांगते. पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही, हेही तेच सांगते. म्हणून 'तुम्हाला पहिल्या नंबरवर आणतो, अमुक हजार भरा' असा फोन आला, तर नम्रपणे ठेवून द्यावा. डिरेक्टऱ्या जाहिरातीची जागा विकतात, तो उघड व्यवहार आहे. पण साधी नोंद बहुतेक ठिकाणी फुकटच असते.

लौकिकाचा प्रश्न जरा नाजूक आहे. भाच्या-पुतण्यांकडून पाच-पाच चांदण्या लिहून घेण्याचा मोह अनेकांना होतो. असल्या खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानक काढले. ते ऐच्छिक आहे. पण खरे सांगायचे, तर गिऱ्हाइकाला खोटी स्तुती वासावरून कळते. त्यापेक्षा काम करून घेतलेल्या माणसाला 'दोन ओळी लिहा' म्हणावे. कोणी तक्रार लिहिली तर भांडू नये, शांतपणे उत्तर द्यावे. वाचणारे ते उत्तरही वाचतात.

काकांच्या दुकानापुढे रांग लागली नाही. पण आता अधूनमधून अनोळखी चेहरे येतात आणि 'नकाशात पाहून आलो' म्हणतात. भंगारात जाणारा एखादा मिक्सर वाचतो, एका हाताला काम मिळते.

आपल्या प्रत्येकाच्या भागात असे एखादे दुकान असते. तिथला मालक हे सगळे स्वतः करील, ही अपेक्षा नको. त्याचे हात कामात असतात. पण घरातल्या मुलांना अर्धा तास सहज काढता येईल. आपल्या चांभाराचे, गिरणीचे, शिवणाऱ्या मावशींचे नाव फोनवर शोधून पाहा. पत्ता चुकीचा असेल तर मालकाला विचारून दुरुस्त करा. काम चांगले झाले असेल तर तसे लिहा, आणि जेवढे झाले तेवढेच लिहा. पूर्वी आपण हे पानवाल्यापाशी उभे राहून तोंडी करीत होतो. आता तेच लिहून करायचे आहे.