बेकर-नन कॅमेरा : क्षणभराच्या वेधातून कक्षेकडे

सोडलेला उपग्रह पुन्हा सापडणार कसा, हा प्रश्न पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी झेपावण्यापूर्वीच स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी हाती घेतला होता, आणि जेम्स बेकर यांच्या भिंगरचनेवर व जोसेफ नन यांच्या यांत्रिक आराखड्यावर उभारलेला कॅमेरा हे त्याचे उत्तर ठरले. सुमारे ५० सेंमी व्यासाच्या मुखातून येणारा प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन वक्र फिल्मवर पडे आणि एका चित्रात आकाशाचा ५ अंश रुंद व ३० अंश लांब पट्टा सामावे; जेमतेम १६ सेंमी व्यासाचा व्हॅनगार्ड-१ उपग्रह सुमारे ४,००० किमी अंतरावरून या कॅमेऱ्याने टिपला. जगभरच्या अशा १२ केंद्रांपैकी एक नैनीतालला, वेणू बाप्पू यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेल्या उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेत होते.

निरीक्षक अंधारात आणि उपग्रह मात्र उन्हात असला तरच चित्र मिळे, म्हणून काम बहुधा संध्याकाळी किंवा पहाटे चाले. फिल्मवर ताऱ्यांच्या संदर्भात उपग्रहाची जागा मोजता येई, आणि त्याच फिल्मवर घड्याळाची वेळही उमटे. या घड्याळाचे महत्त्व भिंगांपेक्षा कमी नव्हते, किंबहुना अधिकच म्हणावे लागेल, कारण सेकंदाला सुमारे ८ किमी धावणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हजारांश सेकंदाची चूक म्हणजे ८ मीटरची चूक.

मूळ अडचण मात्र यंत्राच्या पलीकडची आहे. चित्रातून दिशा कळते, अंतर कळत नाही. आणि कक्षा ठरवायला सहा राशी लागतात. गाऊसने लघुग्रहांसाठी दिलेली तीन वेधांची पद्धत वेधांमध्ये पुरेसा कालावधी असेल तरच भरवशाची ठरते. काही सेकंदांच्या वेधाच्या तुकड्यात मार्गाची वक्रता मोजमापाच्या त्रुटीत बुडून जाते. अशा तुकड्यातून खात्रीने मिळतात त्या चारच राशी : दिशेचे दोन कोन आणि ते बदलण्याचे दोन वेग. वस्तूचे अंतर व ते बदलण्याचा वेग अज्ञातच राहतात. तरी हे अज्ञान अमर्याद नसते, कारण वस्तू पृथ्वीला बांधलेली आहे आणि तिची कक्षा वातावरणात घुसत नाही, एवढे गृहीत धरले की या दोन अज्ञातांच्या शक्य किमती एका मर्यादित क्षेत्रात अडकतात.

वस्तू ज्ञात कक्षांच्या यादीतील असेल तर काम सोपे होते : त्या कक्षांवरून त्या क्षणी त्या दिशेला कोण असायला हवे, याचे गणित करून ते वेधाशी ताडून पाहता येते. अनोळखी वस्तूसाठी मात्र वेगवेगळ्या रात्रींचे दोन तुकडे जोडून पाहावे लागतात. तेव्हा हाती आठ राशी येतात आणि अज्ञात सहाच असतात, म्हणून उरलेल्या दोन राशी हे तुकडे खरोखर एकाच वस्तूचे आहेत की नाहीत, याची कसोटी घेतात. गर्दीच्या कक्षांमध्ये परक्या वस्तूंचे तुकडेही या कसोटीला योगायोगाने उतरतात, त्यामुळे तिसरा तुकडा जुळेपर्यंत नव्या वस्तूची यादीत नोंद करणे घाईचे ठरते.