आपो बेटाचे प्रवाळ कोणी राखले?

फिलिपिन्समधील नेग्रोस बेटापासून सुमारे ७ किलोमीटरवर आपो हे ज्वालामुखीतून उभे राहिलेले चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम पाऊण चौरस किलोमीटर, वस्ती मच्छीमारांची. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळभित्ती आहे आणि तिच्या आसऱ्याने वाढणाऱ्या मासळीवर गावाची चूल पेटते.

१९७०च्या दशकात ही मासळी आटत चालली होती. स्फोटके पाण्यात टाकून मासे मारले जात, सायनाइड फवारून ते गुंगवले जात. ‘मुरो-आमी’ पद्धतीत तर दोराला बांधलेले दगड प्रवाळांवर आपटत मासे जाळ्याकडे हाकलत. इवल्या जीवांनी चुना साठवत वर्षानुवर्षे घडवलेली फांदी अशा एका घावात तुटे. फांदी गेली की लहान माशांचा लपण्याचा आडोसाही जाई.

डुमागेटे येथील सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी बेटावर येऊन लोकांशी बोलू लागले. हातची मासेमारीची जागा सोडायची, हे पटायला वेळ लागला. सुरुवातीला मोजकीच कुटुंबे तयार झाली. १९८२मध्ये त्यांनी सुमारे ४५० मीटर लांबीच्या किनाऱ्यासमोरचे पाणी मासेमारीला बंद केले. पहारा गावकऱ्यांचाच होता. तुकडा लहान असल्याने किनाऱ्यावरून नजर ठेवता येई. १९८५मध्ये दाउइन नगरपालिकेने या बंदीला कायद्याचे बळ दिले. उरलेल्या पाण्यात गळ, बांबूचे सापळे आणि साधी जाळी चालू राहिली. घातक पद्धती मात्र सगळीकडेच बंद झाल्या.

राखीव पाण्यात मासे मोठे होईपर्यंत जगतात, आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. शेवाळ खाणारे मासे वाढले की खडक स्वच्छ राहतो व प्रवाळांच्या अळ्यांना चिकटायला जागा मिळते. जागा अपुरी पडू लागली की मासे हद्दीबाहेर सरकतात. अल्काला आणि त्यांचे सहसंशोधक गॅरी रस यांनी अनेक वर्षे पाण्याखाली मासे मोजले, तेव्हा हद्दीलगत गळाला जास्त मासळी लागत असल्याचे आढळले.

शेजारच्या सुमिलॉन बेटावरचे राखीव क्षेत्र याहून जुने, १९७४चे. पण १९८४मध्ये स्थानिक राजकारण पालटले, बंदी मोडली आणि पुढे मच्छीमारांच्या पदरी पडणारी मासळी जवळपास निम्म्यावर आली. पहारा देणारे आणि फायदा मिळवणारे लोक एकच असणे ही आपोची खरी ताकद होती.

पुढे पाणबुड्या पर्यटकांच्या शुल्कातून बेटाला उत्पन्न मिळू लागले. अर्थात, पहाऱ्याने वादळ अडत नाही. २०११ आणि २०१२च्या डिसेंबरमधील चक्रीवादळांनी राखीव भागातील प्रवाळांची मोठी मोडतोड केली. तापलेल्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडतात, त्यावरही गावाकडे उपाय नाही. मात्र घातक मासेमारीचा मार नसेल, तर मोडलेल्या भित्तीला पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते.

आपोचा अनुभव फिलिपिन्समधल्या शेकडो किनारी गावांनी उचलला. १९९१च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्याचा कारभार नगरपालिकांकडे दिला, आणि गावाने ठरवलेली बंदी तिथल्या तिथे कायदेशीर करून घेणे सोपे झाले.