मोटारीच्या बॅटरीचें आयुष्य

सकाळची वेळ. कचेरीस व शाळेस निघण्याची घाई चाललेली असते. गृहस्थ मोटारींत बसून किल्ली फिरवितात. परंतु इंजिनाच्या नेहमींच्या घरघरीऐवजीं ‘टक्’ असा एकच आवाज होतो आणि समोरचे दिवे मंदावतात. “काल रात्रीपर्यंत गाडी उत्तम चालत होती, आज अचानक बॅटरी मेली!” हा उद्गार अशा वेळीं हटकून ऐकूं येतो. त्यांतील ‘अचानक’ हा शब्द बहुधा खरा नसतो. बॅटरी सहसा एका रात्रींत मरत नाहीं. ती कित्येक महिने क्षीण होत आलेली असते. त्या सकाळीं तिची असमर्थता केवळ उघडकीस येते. आणि तिला क्षीण करणारीं कारणें बहुतेक मालकाच्या डोळ्यांदेखतच घडत असतात.

मोटारीस बॅटरी हवी ती मुख्यत्वेंकरून इंजिन सुरू करण्यासाठीं. आरंभींच्या मोटारींत हें काम लोखंडी हॅंडल फिरवून हातानें करावें लागे, आणि इंजिनानें उलट धक्का दिल्यास मनगट मोडण्याचीहि भीति असे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला व १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविण्यांत आला. तेव्हांपासून बॅटरीचें महत्त्व वाढत गेलें. बॅटरीचा शोध मात्र याहून पुष्कळ जुना. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून पुनःपुन्हां भरतां येण्याजोगी पहिली बॅटरी बनविली, आणि आजच्या बहुसंख्य मोटारींतील बॅटरी तत्त्वतः तीच आहे. विजेवर धांवणाऱ्या नव्या मोटारींतहि, चाकें फिरविणाऱ्या मोठ्या बॅटरीखेरीज, दिवे, कुलपें आणि नियंत्रक यंत्रें यांकरितां सामान्यतः एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असतेच.

बॅटरींत वीज कोंडून ठेविलेली असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तेथें सांठविलेली असते ती रासायनिक शक्ति. मोटारीच्या बॅटरींत ६ कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यांत सच्छिद्र शिशाच्या ऋण पट्ट्या, शिशाच्या डायऑक्साइडच्या धन पट्ट्या आणि त्यांच्याभोंवतीं पाणी मिसळलेलें गंधकाम्ल असतें. एका कप्प्याचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, सहा मिळून साडेबाराच्या किंचित् वर. वीज खर्च होऊं लागली कीं दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट नांवाचा क्षार बसतो आणि आम्ल पातळ होत जातें. बाहेरून वीज दिली कीं हीच क्रिया उलट होते: क्षार विरघळतो, पट्ट्या पूर्ववत् होतात व आम्ल पुन्हां तीव्र होतें.

सर्व काळजीचें मर्म या क्षारांत आहे. जेवणानंतर ताट लागलींच धुतलें तर तें सहज निघतें. खरकटें वाळूं दिलें तर घासूनहि डाग राहतो. बॅटरीचेंहि तसेंच. उतरलेली बॅटरी लौकर भरली तर क्षार विरघळतो. ती तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून बॅटरी वापरल्यानें जितकी झिजते, त्याहून अधिक ती अर्धपोटीं पडून राहिल्यानें नासते.

हा हिशेब आंकड्यांत पाहण्यासारखा आहे. पेट्रोल इंजिन सुरू होतांना स्टार्टर दीडशें अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. परंतु तो एकदोन सेकंदच, आणि त्यांत एक दशांश अँपिअर-तासहि खर्च होत नाहीं. इंजिनाबरोबर फिरणारा आल्टरनेटर ही तूट थोड्याच अवकाशांत भरून काढतो. उलट पुढील दोन मोठे दिवे चुकून चालू राहिले, तर ते मिळून सुमारें ९ अँपिअर घेतात व ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांत रिकामी करतात. याहून फसवी गळती म्हणजे उभ्या गाडींतील घड्याळ, चोरघंटा, मागाहून बसविलेला कॅमेरा यांची. ती अवघी ५० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. पंधरवड्यांत तीच बॅटरी निम्मी उतरते. मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां पुण्यामुंबईच्या आवारांतून असंख्य गाड्या जागच्या हलल्या नाहींत. पुढें त्या सुरू करावयास गेलेल्या अनेकांना या हिशेबाचा प्रत्यय आला. आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवून आणावी. जागेवर पांच मिनिटें इंजिन चालविणें पुरेसें नाहीं. बंद गॅरेजमध्यें तसें करणें तर विषारी धुरामुळें प्राणघातक ठरतें. दीर्घकाळ परगांवीं जावयाचें असल्यास ऋण टोंकाची तार सोडून ठेवावी, अगर आपोआप थांबणारा लहान चार्जर जोडावा.

बॅटरीचा दुसरा शत्रु उष्णता. थंडीच्या दिवसांत गाडी अडते म्हणून दोष थंडीला दिला जातो. परंतु उष्णता घाव घालते आणि थंडी तो दाखविते. नागपूर-चंद्रपुराकडील उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि इंजिनाच्या झांकणाखालीं तर याहूनहि अधिक ताप असतो. त्या तापांत पट्ट्यांची जाळी लौकर गंजते व द्रावांतील पाणी उडून जातें. पुढें थंड सकाळीं रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनांतील तेल घट्ट होतें, आणि अगोदरच दुबळी झालेली बॅटरी कच खाते. आपल्या हवेंत साधारणतः तीन ते पांच वर्षें हें तिचें आयुष्य समजावें. सावलींत गाडी उभी करणें हीहि बॅटरीची एक निगाच होय.

गाडी अडली कीं लगेच नवी बॅटरी घेण्याची घाई करूं नये. थोड्या किंमतींत मिळणाऱ्या मल्टिमीटरनें तीन मापें घेतलीं म्हणजे खरा दोषी कोण तें बहुधा कळतें. पहिलें माप रात्रभर गाडी उभी राहिल्यावर: १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरें माप स्टार्टर फिरत असतां: भरलेल्या बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या बराच खालीं कोसळला तर तिची शक्ति संपत आली असें मानावें. तिसरें इंजिन चालू असतांना: तेव्हां साधारणपणें १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच्या वर कांटा सरकतच नसेल तर दोष आल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा तारांचा असण्याचा संभव अधिक. नव्या गाड्यांत आल्टरनेटरवर संगणकाचें नियंत्रण असल्यानें हा आंकडा कमीअधिक होतो, हें ध्यानांत ठेवावें. आल्टरनेटर नादुरुस्त असतां बॅटरी बदलणारा दोनदां खर्च करतो, कारण नवी बॅटरीहि उपाशीच राहते.

रोजची निगा अगदीं साधी आहे. ज्या बॅटरीला टोपणें असतात, तींत दरमहा पाण्याची पातळी पाहावी आणि ती खुणेच्या खालीं गेली असेल तर ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून मिळणारें शुद्ध पाणीच खुणेपर्यंत घालावें. नळाच्या पाण्यांतील क्षार पट्ट्यांना अपाय करतात. आणि उडून गेलेलें असतें तें पाणी, आम्ल नव्हे, म्हणून वरून आम्ल कधींहि ओतूं नये. टोपणें नसलेली बंद बॅटरी उघडण्याच्या भानगडींत पडूं नये. टोंकांवर पांढरी-निळसर भुकटी जमली असेल तर तारा सोडून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें ती धुवावी. हें पाणी आंत जातां कामा नये. मग टोंकें कोरडीं करून, तारा घट्ट आंवळून, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. बॅटरी तिच्या बैठकींत पक्की बांधलेली असावी. खड्ड्यांच्या हादऱ्यांनीं पट्ट्यांवरील लेप झडतो.

या कामांत दोन धोके आहेत. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु सुटतो व ठिणगी पडतांच त्याचा स्फोट होऊं शकतो. म्हणून जवळ विडी-काडी नको. आम्ल डोळ्यांत उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्यानें डोळा धूत राहून डॉक्टरांकडे जावें. तारा सोडतांना ऋण टोंक प्रथम आणि जोडतांना तें शेवटीं, हा नियम पाळावा. नाहींतर पाना गाडीच्या धातूला टेकून मोठी ठिणगी पडते. दुसऱ्या गाडीची मदत घेतांना धन टोंकाला धन टोंक जोडावें; मग चांगल्या बॅटरीच्या ऋण टोंकाची तार अडलेल्या गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला सर्वांत शेवटीं लावावी.

नवी बॅटरी निवडतांना गाडीबरोबरचें माहितीपुस्तक हाच उत्तम सल्लागार. लांबी-रुंदी, धन टोंकाची बाजू, अँपिअर-तास आणि थंडींत इंजिन फिरविण्याची शक्ति दाखविणारा आंकडा हीं चारहि जुळलीं पाहिजेत. सिग्नलपाशीं इंजिन आपोआप बंद करून पुन्हां सुरू करणाऱ्या गाड्यांना ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ जातीचीच बॅटरी लागते; साधी बॅटरी तेथें लौकर दमते. उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी, कारण दुकानांतील फळीवरहि बॅटरी उतरतच असते. हमीच्या मुदतींतील किती महिने फुकट बदली आणि किती महिने केवळ किंमतींत सूट, हें विचारून घ्यावें व पावती जपून ठेवावी.

जुन्या बॅटरीचें काय करावें, हा प्रश्न घराबाहेरचा वाटला तरी तो घराचाच आहे. तिचें निम्म्याहून अधिक वजन शिशाचें असतें. हें शिसें वितळवून पुन्हां वापरतां येतें. पण उघड्यावर फोडून भट्टी लावली तर त्याचा धूर व धूळ आसपासच्या मुलांच्या शरीरांत जाऊन त्यांच्या मेंदूच्या वाढीला कायमचा अपाय करते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. चार पैसे अधिक मिळतात म्हणून ती दारावरच्या भंगारवाल्यास देण्यापेक्षां नवी देणाऱ्या दुकानदाराकडे परत करून किंमतींत वजावट घ्यावी.

एवंच, बॅटरी हें मुकें यंत्र असलें तरी तें पूर्वसूचना दिल्यावांचून राहत नाहीं. स्टार्टर रोजच्यापेक्षां आळसानें फिरूं लागला, दिवे पिवळट दिसूं लागले, टोंकांवर भुकटी जमूं लागली, कीं तीं मापें घेण्याची वेळ आली असें समजावें. महिन्यांतून दहा मिनिटें तिच्याकडे पाहणाऱ्याला ‘अचानक’ हा शब्द उच्चारण्याची पाळी क्वचितच येते.