लेकराच्या पायात किती रुपयांचा बूट?

जून जवळ आला की बदनापूरच्या बाजारात दप्तरे आणि रेनकोटांच्या शेजारी लहान मुलांच्या बुटांच्या जोड्या टांगलेल्या दिसतात. चालताना लाल-निळे दिवे लागणारे, टाच टेकली की चूं-चूं वाजणारे, मोठ्या कंपन्यांच्या खुणा छापलेले नकली. अस्सल हवा असेल तर लोक जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात आणि तीन वर्षांच्या मुलासाठी दीड-दोन हजार मोजून येतात. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे दीड हजारांचा बूट हा जवळजवळ पाच दिवसांचा घाम, आणि ज्याच्यासाठी तो गाळला त्या लेकराला तो बूट पाच-सहा महिन्यांत लहान होतो.

यावर आपल्या तरुण कार्यकर्त्यांत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, हा नुसता दिखाऊपणा आहे, हेच पैसे पुस्तकांना लावा. दुसरे म्हणते, आमच्या आजोबाला चपला घालू दिल्या नाहीत, आता आमच्या लेकराच्या पायात सगळ्यात भारीच बूट असेल, कुणाला काय करायचे ते करा. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण या वादात लेकराच्या पायाकडे फारसे कुणी पाहत नाही, म्हणून हा लेख.

आधी तो राग समजून घेऊ, कारण तो हवेतून आलेला नाही. पायात काय घालायचे हेसुद्धा जात ठरवत होती. सवर्णांच्या आळीतून जाताना चप्पल काढून हातात घ्यायची, काही ठिकाणी डोक्यावर ठेवायची, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी सोसले. मेलेले जनावर ओढायचे कुणी, कातडे कमवायचे कुणी, जोडा शिवायचा कुणी आणि तो घालून मिरवायचे कुणी, सगळे ठरलेले. हे फार जुने झाले असे वाटत असेल तर ही तारीख पाहा. २०२३ च्या डिसेंबरात तमिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यात, राजावूर गावात, सुमारे ६० दलित गावकरी पायात चपला घालून एका रस्त्यावरून चालत गेले. तोवर त्या रस्त्यावरून त्यांना चपला घालून जाता येत नव्हते. तेव्हा लेकराला महागडा बूट घेणाऱ्या बापाला उधळ्या म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही.

बाबासाहेबांनीही पेहरावाला किरकोळ मानले नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला, अंगावरचे जड दागिने सोडायला आणि स्वच्छ राहायला सांगितले. कारण त्या पद्धतीवरूनच जात ओळखली जात होती. लुगड्याची पद्धत बदलायला पैसा लागत नाही, हे इथे लक्षात घ्यावे. अंगावरची गुलामीची खूण उतरवणे ही एक गोष्ट झाली. ती उतरवून तिच्या जागी कंपनीची खूण विकत घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता पायाकडे वळू.

लहान मुलाचे पाऊल म्हणजे मोठ्या माणसाच्या पावलाची छोटी आवृत्ती नव्हे. जन्मतः त्यातला बराच भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो आणि हाड हळूहळू भरत जाते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा पाय तळाशी सपाट दिसतो, कारण कमान अजून तयार व्हायची असते आणि तिथे चरबीची गादी असते. साधारण सहा वर्षांपर्यंत बहुतेकांची कमान आपोआप उठते. ती यावी म्हणून बुटात वेगळा उंचवटा लागतो असे सांगून दुकानदार जास्त पैसे घेत असेल, तर निरोगी पायाला त्याची गरज नसते.

उलट बाजूचा पुरावा आपल्याच देशात मिळालेला आहे. यू. बी. राव आणि बेंजामिन जोसेफ या मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आढळले, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होते, सँडल-चप्पल घालणाऱ्यांत त्याहून कमी. सपाट पाय हा बहुतेकांना त्रास न देणारा प्रकार आहे, त्यामुळे आकडे वाचून घाबरू नये. पण लहानपणापासून घट्ट बंद बूट घातला की पाय चांगला घडतो, ही समजूत या अभ्यासापुढे टिकत नाही.

मग लेकरांना अनवाणीच फिरू द्यावे का? घरात, ओसरीवर, विहाराच्या स्वच्छ फरशीवर जरूर. चालायला शिकणाऱ्या मुलाला तर तेच उत्तम, जमीन तळव्याला कळली की तोल लवकर येतो. पण बदनापूरच्या शिवारात नाही. तुरीच्या 'बीडीएन ७११' या वाणातले बीडीएन म्हणजे आपले बदनापूर, आणि तूर कापल्यावर रानात उरणारे तिरपे खुंट भाल्यासारखे पायात घुसतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पऱ्हाटीचे खुंट, बाभळीचे काटे, गोखरू आहेतच. पावसाळ्यात घोणस आणि नाग, रात्री मण्यार. त्यात न दिसणारा एक शत्रूही आहे. उघड्यावर शौच होते त्या ओल्या मातीत हुककृमीच्या अळ्या असतात. त्या तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि मूल पांढरेफटक, सुस्त होत जाते. आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही. शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी याच्यावरच आहे, पण गोळी घेऊन पुन्हा अनवाणी त्याच मातीत गेले की अळी पुन्हा शिरते. या कामाला बंद टाचेची, तळाला भोक नसलेली दोनशे रुपयांची सँडल पुरते. दोन हजारांचा बूट हुककृमीला जास्त अडवत नाही.

विनयपिटकातली चप्पल

चपलेची चर्चा धम्मात कुठून आली, असे काहींना वाटेल. विनयपिटकाच्या महावग्गात एक अख्खे प्रकरण चामड्यावर आणि पादत्राणांवर आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंत घराण्यातला सोण कोळिविस भिक्खू झाला. तो इतक्या लाडात वाढलेला की तळपाय अगदी कोवळे. राजगृहाजवळ तो अनवाणी चंक्रमण करत राहिला आणि पायांतून रक्त आले. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला, तो आपल्याकडे प्रत्येक प्रवचनात येतो. पण त्याच कथेचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. फुटलेले पाय पाहून तथागतांनी चप्पल घालायला परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. चप्पल मात्र एकाच थराची. पुढे काही भिक्खू निळ्या, पिवळ्या, तांबड्या, नक्षीदार चपला घालून मिरवू लागले, तेव्हा त्यांना मनाई झाली.

आपल्या भागासाठी खरी गोष्ट त्यानंतर येते. अवंतीत राहणाऱ्या महाकच्चायनांनी सोण कुटिकण्ण या शिष्यामार्फत श्रावस्तीला विनंत्या पाठवल्या. त्यांतली एक अशी की अवंती-दक्षिणापथातली जमीन काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली आहे, इथे एक थर पुरत नाही. तथागतांनी सीमेवरच्या सर्व प्रदेशांसाठी अनेक थरांच्या चपलांना परवानगी दिली. सुत्तनिपातात पैठणहून महिष्मती आणि उज्जैनकडे जाणारी वाट येते, म्हणजे हा काळ्या मातीचा मुलूख आपल्या उंबऱ्याशी येतो. मराठवाड्याच्या काळ्या रानात उन्हाळ्यात वाळलेले खुरांचे खड्डे ज्याने तुडवले, त्याला ही विनंती समजावून सांगावी लागणार नाही.

याच प्रकरणात आणखी एक नियम आहे. जाड थरांची नवी चप्पल इतरत्र चालत नाही, पण कुणी वापरून सोडलेली चालते. पाय दुखणाऱ्या एका भिक्खूला एका उपासकाने आपल्या पायातली काढून दिली, त्यावरून तो नियम झाला. मोठ्या भावाची सँडल धाकट्याला घालताना ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी हे घरात सांगावे.

रंग आणि नक्षीला नकार, जमीन आणि पाय पाहून होकार, असा हा विचार आहे. उपासकांसाठी तथागतांनी दीघजाणूला सांगितलेली समजीविताही हेच सांगते, आणि तिला दोन बाजू आहेत. थोड्या मिळकतीत थाटाने राहणे चूक, आणि मिळकत असून कुचंबत राहणे हीसुद्धा चूक. मुलाचा फाटका, टोचणारा बूट 'काटकसर' म्हणून चालवून घेणारे घर दुसऱ्या बाजूला बसते. वर्गात फाटक्या बुटावरून हसू झालेल्या मुलीची लाज खोटी नसते, तिला साधेपणाचे प्रवचन देऊ नये.

पैसा नेमका कशावर लावायचा

आमचे म्हणणे असे की एकदाच भारी घेण्याऐवजी योग्य मापाचे, वेळेवर, पुन्हा पुन्हा घ्या. एक ते तीन वयात पाऊल महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढते, पुढे थोडे सावकाश. युरोपीय मापातला एक नंबर म्हणजे साडेसहा मिलिमीटरहून किंचित जास्त. हिशोब सरळ आहे, जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीला अंगठ्याला लागतो. लहान मूल 'बूट टोचतो' असे सांगत नाही, ते फक्त बूट काढून फेकते आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

यावर आपल्या घरांतला उपाय ठरलेला, वाढत्या अंगाचा घ्यायचा, पुढे कापूस कोंबायचा. सदऱ्याला ते चालते, बुटाला नाही. दोन नंबर मोठ्या बुटात पाय मागे-पुढे घसरतो, बोटे आखडून धरावी लागतात आणि मूल अडखळते. सर्वात लांब बोटाच्या पुढे एक सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी, तेवढीच.

रुंदीचा प्रश्न वेगळा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ दरम्यान देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद भरते, असे त्यातून दिसले, आणि भारतासाठी 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे परदेशी साच्यावरचा महागडा बूट आपल्या लेकराच्या बोटांना दाबत असण्याची शक्यताच जास्त. हातात धरून बूट बोटांच्या सांध्याजवळ वाकतो का, पुढून ऐसपैस आहे का, टाचेला पट्टा आहे का, एवढे पाहावे. नकली कंपनीचा बूट सगळ्यात वाईट. खुणेचे पैसे जातात आणि तळ लाकडासारखा ताठ निघतो.

महाग बूट खरोखर लागतो असे एक ठिकाण आहे. जन्मतः पाऊल आत वळलेले, म्हणजे क्लबफूट असेल तर पोन्सेटी पद्धतीचे प्लास्टर आणि नंतर चार-पाच वर्षांपर्यंत दांडीने जोडलेले खास बूट हाच उपचार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे, त्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला दाखवून सरकारी रुग्णालयातून उपचार मागता येतात. बरे दिसते म्हणून बूट मध्येच बंद केले की पाय पुन्हा वळतो. असे बाळ वस्तीत असेल तर तिथे कार्यकर्त्याने महिन्याला एक फेरी मारावी.

आता शाळेचे. राज्य सरकारने २०२३-२४ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचे ठरवले, दर विद्यार्थ्याला १७० रुपये धरून. १७० रुपयांत कोणता बूट येतो हे बाजारात जाऊन पाहावे. पहिलीतल्या मुलाला तो वर्षभर पुरणारही नाही, आणि अंगणवाडीतले तीन ते सहा वयाचे, ज्यांचा पाय शाळकरी मुलांपेक्षा वेगाने वाढतो, ते या योजनेत नाहीतच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळायला हव्यात. आपल्या किती वस्त्यांतून पालक त्या बैठकीला जातात? बूट एकगठ्ठा मागवण्याआधी प्रत्येक मुलाचा पाय मोजला जावा, हा ठराव तिथेच मांडता येतो. खासगी शाळांत काळे आणि पांढरे असे दोन बूट सक्तीचे करतात, त्याविरुद्ध पालकांनी मिळून एकाच जोडीची मागणी करावी. बूट नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे कलम १७ ने मनाई केलेला मानसिक छळच होय.

वर्षावासात आपल्या विहारांत तीन महिने ग्रंथवाचन चालते. आषाढ पौर्णिमेला लेकरे आईबरोबर येतात, तेव्हा प्रत्येकाला कोऱ्या कागदावर उभे करून दोन्ही पावलांची रेघ ओढावी, वर नाव आणि तारीख लिहावी. दोन पायांत जो मोठा, तो मापाचा. कागद कापून बाजारात नेला की मुलाला घेऊन जाण्यात रोज बुडत नाही. लहान झालेल्या पण टाच न झिजलेल्या सँडल त्याच दिवशी एका टोपलीत जमा करून मापाप्रमाणे वाटता येतात. आश्विन पौर्णिमेला पुन्हा त्याच कागदावर पाऊल ठेवावे. रेघेबाहेर तीन-चार मिलिमीटर आले असेल तर दिवाळीपूर्वी नवा नंबर लागेल.