वेग मोजला, खेळाडू कसा मोजायचा?

मार्च २०१७. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरातल्या बंदिस्त स्टेडियममध्ये जॉन रॉस नावाचा तरुण चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, धावला. वेळ लागला ४.२२ सेकंद. या चाचणीतला तोवरचा तो विक्रम होता. त्याच शिबिरात कूपर कप नावाच्या दुसऱ्या एका खेळाडूला तेवढ्याच अंतरासाठी ४.६२ सेकंद लागले. दोघे शेजारी शेजारी धावले असते, तर रॉस रेषेवर पोहोचला तेव्हा कप सुमारे साडेतीन मीटर मागे असता.

दोघेही अमेरिकन फुटबॉलमधले ‘वाइड रिसीव्हर’. जवळपास दोन महिन्यांनी नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, संघांनी कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड केली. त्या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. रॉस नवव्या क्रमांकावर निवडला गेला, कप एकोणसत्तराव्या. पुढे काय झाले? पहिल्या मोसमात रॉसच्या नावावर एकही झेल लागला नाही आणि नंतरची वर्षे दुखापतींनी खाल्ली. कपने २०२१ च्या मोसमात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन अशी कामगिरी केली. तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला होता. त्या मोसमाच्या सुपर बोल अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

मग निवड करणारे तज्ज्ञ चुकले कुठे? याचे उत्तर नुसत्या खेळात नाही, तर शरीरशास्त्रात आणि संख्याशास्त्रातही आहे.

काम एक, चाचणी दुसरीच

अमेरिकन फुटबॉल हा पायाने नव्हे, मुख्यतः हाताने खेळायचा खेळ. क्वार्टरबॅक मागे राहून चेंडू फेकतो आणि रिसीव्हरने बचावपटूला चुकवून तो झेलायचा असतो. रिसीव्हर मैदानभर मोकाट धावत नाही. ‘बारा यार्ड सरळ जा, अचानक थांब, आत वळ’ असा त्याचा मार्ग आधीच ठरलेला असतो. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटायला सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे बहुतेक वेळा चाळीस यार्डांचे सरळ अंतर संपण्याआधीच निर्णय लागलेला असतो.

वेग निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ज्याच्या पायांत वेग आहे, त्याला बचावपटू घाबरून जास्त जागा देतो आणि त्या जागेचा फायदा साऱ्या संघाला मिळतो. पण वेग हे भांडवल झाले. ते कसे वापरायचे, हे वेगळे कौशल्य आहे. शिवाय चाचणीच्या वेळी समोर बचावपटू नसतो, अंगावर खांद्यांचे संरक्षक कवच नसते आणि सुरुवातही खेळाडू आपल्या सोयीने करतो. एनएफएलच्या सामन्यात पहिल्या पाच यार्डांत बचावपटू त्याला हाताने रेटून अडवू शकतो. तिथेच अडकला, तर पुढचा सगळा वेग वाया.

थांबण्याचे शास्त्र

रिसीव्हरच्या यशाचा खरा शब्द म्हणजे अंतर. चेंडू येतो त्या क्षणी त्याच्यात आणि बचावपटूत किती जागा आहे? ती जागा बहुधा वेग वाढवून नव्हे, तर वेग एकदम कमी करून मिळते. कबड्डीतला चढाईपटू जोरात आत घुसतो, क्षणात थबकतो आणि पकडायला आलेला बचावपटू झोकात पुढे निघून जातो, तसाच हा प्रकार.

हे थबकणे शरीराला महागात पडते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नव्वद किलोच्या खेळाडूचा वेग सेकंदाला आठ मीटरवरून नऊ मीटर झाला, म्हणजे एक-अष्टमांशाने वाढला, तर त्याची ऊर्जा मात्र पाव हिश्शाहून जास्त वाढते. ती सगळी ऊर्जा दोन-तीन पावलांत जिरवायची असते. हे काम मांडीचे, पोटरीचे आणि कमरेचे स्नायू करतात, तेही आकसताना नव्हे, तर ताणले जात असताना जोर लावून. जिना उतरताना मांडीवर येणारा ताण आठवा, म्हणजे कल्पना येईल. म्हणूनच जास्त वेगवान खेळाडूला ‘ब्रेक’ही तितकेच दणकट लागतात. ते नसतील, तर वळण घेण्यापूर्वी त्याला लहान लहान पावले टाकत वेग कमी करावा लागतो आणि बचावपटूला आधीच सुगावा लागतो.

म्हणून अनुभवी निवडकर्ते सामन्यांचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहतात. थांबायला किती पावले लागली? वळताना कंबर खाली आली की शरीर ताठच राहिले? वळणाआधी नजर किंवा खांदा फितूर झाला का? तीन शंकूंभोवती धावण्याची चाचणी याच गुणाचा अंदाज घेण्यासाठी असते.

पण तीही भविष्यवाणी नाही. डी. के. मेटकाफ २०१९ मध्ये चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत धावला. वजन एकशे तीन किलो, तरी हा वेग! शंकूंच्या चाचणीत मात्र त्याला ७.३८ सेकंद लागले, जे रिसीव्हरच्या मानाने फारच संथ. तो दुसऱ्या फेरीच्या शेवटी, चौसष्टाव्या क्रमांकावर निवडला गेला. पुढच्याच वर्षी, २०२० च्या मोसमात, त्याने १,३०३ यार्ड मिळवले. वळणात तो कमी असेल, पण त्याच्या संघाने त्याला सरळ, लांब मार्ग दिले आणि त्याचे वजन व वेग कामी आणले. खेळाडू आणि त्याला मिळणारे काम यांची जोडी जुळणे, हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

नजर आणि वीत

फेकलेला चेंडू ताशी ऐंशी किलोमीटरने येत असेल, तर वीस मीटर अंतर तो सेकंदाच्या आत कापतो. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर साधी प्रतिक्रिया द्यायला माणसाला सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात चेंडू चार मीटरहून पुढे आलेला असतो. म्हणजे चेंडू ‘पाहून’ पकडणे फारसे शक्यच नसते. मेंदू तो कुठे येणार याचा आधीच अंदाज बांधतो आणि हात तिकडे पाठवतो.

हा अंदाज मेंदू गणिते सोडवून करत नाही. १९६८ मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने बेसबॉलमधल्या उंच झेलांबद्दल एक सोपी युक्ती मांडली. चेंडू आपल्या नजरेत एकसारख्या गतीने वर चढत राहील, अशा बेताने धावत राहिले, की आपण आपोआप योग्य जागी पोहोचतो. चेंडू झपाट्याने वर चढतोय असे वाटले तर मागे सरा, मंदावतोय असे वाटले तर पुढे या. सीमारेषेवरचा आपला क्रिकेटपटूही नकळत असेच काही करत असतो. रिसीव्हरपुढची अडचण एवढीच, की तो बऱ्याचदा चेंडूकडे पाठ करून धावतो आणि शेवटच्या क्षणी मान वळवतो. त्यामुळे मान वळवल्यावर चेंडू किती लवकर सापडतो, हात किती उशिरा वर येतात आणि अंगावर धडक येणार हे माहीत असूनही नजर चेंडूवरून हलते का, हे पाहिले जाते. उशिरा हात उचलणारा चांगला, कारण बचावपटू त्याच्या हातांवरूनच चेंडूचा सुगावा घेत असतो.

शिबिरात हाताची वीतही मोजतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, अगदी आपण मोजतो तशीच. पण मोठी वीत म्हणजे पक्का झेल नव्हे. जेरी राइस हा या खेळातला सर्वांत यशस्वी रिसीव्हर. त्याच्या नावावर २२,८९५ यार्ड आहेत. लहानपणी गवंडी असलेल्या वडिलांच्या हाताखाली तो वर फेकलेल्या विटा झेलायचा. मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या कॉलेजातून आलेला हा खेळाडू १९८५ मध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला. फार वेगवान नाही, हा शेरा तेव्हाही त्याच्या नावापुढे होताच.

घड्याळापेक्षा महत्त्वाचा डॉक्टर

दूरचित्रवाणीवर धावण्याच्या शर्यती दिसतात; पण संघांच्या दृष्टीने या शिबिराचा गाभा वेगळा आहे. १९८२ मध्ये काही संघांनी एकत्र येऊन अशी शिबिरे सुरू केली, त्यामागचा मुख्य हेतू वैद्यकीय तपासणी हाच होता. आज तीनशेहून अधिक खेळाडू बोलावले जातात. हृदय, सांधे, जुनी हाडमोड, डोक्याला बसलेले मार या सगळ्यांची छाननी होते आणि गरजेनुसार एमआरआय काढले जातात.

रिसीव्हरच्या बाबतीत दोन जागा नाजूक. पहिली हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. पूर्ण वेगात पाय पुढे झेपावतो तेव्हा हा स्नायू ताणलेल्या स्थितीत प्रचंड जोर सोसतो. एकदा तो दुखावला, की पुन्हा दुखावण्याचा धोका वाढतो. त्यामुळे जुनी दुखापत किती वेळा झाली, हा पहिला प्रश्न. दुसरी जागा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध. तो अनेकदा कुणाची धडक न बसताच, थांबता-वळताना तुटतो. म्हणजे ज्या कौशल्यावर रिसीव्हरचे पोट, त्याच हालचालीत हा धोका दडलेला.

तरीही एसीएल तुटणे म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे. जेमसन विल्यम्सचा गुडघा जानेवारी २०२२ मध्ये कॉलेजच्या अंतिम सामन्यात जायबंदी झाला. तरी एप्रिलमध्ये डेट्रॉइटने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडले आणि डिसेंबरपर्यंत त्याला मैदानावर उतरवण्याची घाई केली नाही. कूपर कपचा एसीएल २०१८ मध्ये तुटला होता. विक्रमी मोसम आला त्यानंतर. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व पुढच्या नऊ-दहा महिन्यांच्या धीराच्या व्यायामाला असते. ही गोष्ट गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या, मैदानापासून दूर असलेल्या कुणालाही लागू आहे.

आकडे कुठे फसवतात

२००८ मध्ये फ्रँक कुझ्मिट्स आणि आर्थर ॲडम्स या संशोधकांनी शिबिरातल्या चाचण्या आणि पुढची व्यावसायिक कामगिरी यांची तुलना केली. त्यांनी तपासलेल्या तीन प्रकारच्या खेळाडूंत रिसीव्हरही होते. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत धावण्याच्या वेळेचा काही संबंध दिसला. बाकी ठिकाणी सातत्याने टिकणारा संबंध आढळला नाही.

याचे एक कारण संख्याशास्त्रीय आहे. शिबिराला बोलावणे येते तेच मुळी वेगवान मुलांना. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलांमध्ये प्रवेश परीक्षेत चार गुण जास्त कुणाला होते, यावरून पुढे उत्तम डॉक्टर कोण होणार हे सांगता येईल का? सगळेच वरच्या गाळणीतून आलेले असतात. उरलेला फरक दुसऱ्याच गुणांनी पडतो. इथेही तसेच. वेग ही प्रवेशाची पायरी आहे, पुढच्या कामगिरीची हमी नाही.

कॉलेजमधली आकडेवारीही जपून वाचावी लागते. कपने ईस्टर्न वॉशिंग्टन या दुय्यम गटातल्या कॉलेजसाठी ६,४६४ यार्ड मिळवले होते. पण समोरचे बचावपटू कमकुवत होते, अशी शंका होतीच. कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय मैदानात टेकला तरी पुरते, एनएफएलमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. म्हणून नुसत्या यार्डांपेक्षा संघाच्या एकूण कामगिरीत त्याचा वाटा किती, वय किती असताना तो चमकला, तगड्या संघांविरुद्ध काय केले, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. एकोणीस वर्षांच्या मुलाचे यश आणि तेविसाव्या वर्षी लहानांविरुद्ध मिळवलेले यश सारखे नसते.

इतके करूनही अनिश्चितता उरतेच. केड मॅसी आणि २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. तरीही संघ एखाद्या आवडत्या खेळाडूसाठी भरमसाट किंमत मोजतात, कारण स्वतःच्या पारखीवर त्यांचा अवाजवी विश्वास असतो. २०२३ मध्ये पुका नाकुआ पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्याच मोसमात १,४८६ यार्ड मिळवून त्याने नवोदितांचा विक्रम मोडला. त्याला निवडणाऱ्या लॉस एंजेलिस रॅम्ससह प्रत्येक संघाने आधी त्याला अनेकदा डावलले होते.

२०२४ मध्ये झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत धावला आणि रॉसचा विक्रम गेला. तो अठ्ठाविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. सेकंदाच्या शंभराव्या भागाने विक्रम मोडतो आणि मथळे सजतात, कारण घड्याळाचा आकडा साधा, स्वच्छ आणि तुलनेला सोपा असतो. थांबण्याची कला, नजरेची चपळाई, दुखापतीतून उठण्याचा धीर यांना असा एक आकडा नाही. पण जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे, असे मानण्याची सवय महाग पडते. ती फक्त फुटबॉलच्या संघांना आहे असे नाही. मुलांचे गुणपत्रक, नोकरीतली चाचणी किंवा तब्येतीचा एखादा अहवाल पाहतानाही आपल्या हातून हेच होते. आकडा खोटा नसतो. तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, एवढे आधी विचारावे.