रुसलेला गल्ला

दोस्तांनो, वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरातून लाकडी पोळपाट घेऊन या बरं. (आई पोळ्या लाटत असेल तर थोडं थांबा!) पोळपाटावर लाकडाच्या बारीक रेषा दिसतील. पट्टीने एकदा त्या रेषांच्या दिशेने माप घ्या आणि एकदा रेषांना आडवं. पोळपाट जुना आणि एकाच फळीचा असेल, तर दोन मापांत एक-दोन मिलिमीटरचा फरक निघण्याची बरीच शक्यता आहे. कातणाऱ्याने तर तो गोलच कातला होता. मग झालं काय?

याचं उत्तर मला आमच्या शेजारच्या सुतारकाकांच्या पडवीत मिळालं. तेव्हा मी सातवीत होतो.

ती पडवी हाच काकांचा कारखाना. भिंतीवर करवती, पटाश्या, गुण्या आणि गिरमिट टांगलेलं, आणि खाली लहानमोठे रंधे. रंधा चालला की कुरळ्या ढलप्यांचा ढीग पडायचा, नि सागवानाचा वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा. त्या उन्हाळ्यात बाजारपेठेत एक नवं किराणा दुकान निघणार होतं. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. सहा फुटी काउंटर, भिंतीला फळ्यांची मांडणी आणि काउंटरखाली पैशांचा गल्ला, असं सगळं काम काकांकडे आलं.

दुकानाची फळी म्हणजे घरातलं पुस्तकांचं कपाट नव्हे. तिच्यावर साबणाची खोकी नि तेलाचे डबे येणार. काकांनी सहा फुटांच्या प्रत्येक फळीला मधोमध आधार दिला. मला वाटलं, उगाच लाकूड वाया! पण हिशेब ऐका. फळीची लांबी दुप्पट केली आणि माल तेवढ्याच दाटीने रचला, तर फळी दुप्पट नव्हे, १६ पट जास्त वाकते. काकांना हे गणित येत नव्हतं, पण वाकलेल्या फळ्या त्यांनी खूप पाहिल्या होत्या.

आणखी एक गंमत. मोठी चौकट काटकोनात आहे का, हे बघायला गुण्या अपुरा पडतो. मग काका एक सुतळी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणायचे, नंतर दुसऱ्या जोडीत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले, की चौकट पास! हे प्रमेय माझ्या भूमितीच्या वहीत होतं. पण त्याचा असा उपयोग असेल, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मुहूर्ताला दोन दिवस राहिले. काकांना दुसऱ्या कामावर जायचं होतं. जाताना ते म्हणाले, "गल्ल्याची दर्शनी फळी तू बसव. वर एक सूत मोकळं सोड." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. मी फळी लावून पाहिली. फट दिसत होती. छे, किती वाईट! मी जरा उंच फळी घेतली आणि कागदही शिरणार नाही अशी घट्ट बसवली. गल्ला सुर्रकन सरकत होता. दुकानदार शेटजींनी कौतुकही केलं.

जुलैत एका धो धो पावसाच्या दिवशी दुकानातला पोऱ्या धावत आला. गल्ला अडकला होता, सगळी मोड आत आणि गिऱ्हाइकं समोर उभी. काका रंधा घेऊन निघाले, मी छत्री धरून मागे. शेटजी चार लोकांसमोर ओरडले, "मिस्त्री, ओलं लाकूड घातलंत!"

सुताराला याहून मोठी शिवी नाही. काका तर लाकूड वर्ष-वर्ष माळ्यावर वाळवायचे. उलट लाकूड वाळलेलं होतं, म्हणूनच तर घोटाळा झाला. काकांनी वरच्या फळीचे स्क्रू काढले, गल्ला सोडवला, रंध्याचे चार-पाच हात मारले आणि शांतपणे म्हणाले, "माझंच चुकलं शेटजी. फट ठेवायची राहिली."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. छत्री धरलेला माझा हात मात्र थरथरत होता.

परतताना ते एवढंच म्हणाले, "अरे, झाड तोडलं तरी लाकूड पाणी प्यायचं सोडत नाही." लाकूड म्हणजे अतिशय बारीक नळ्यांची जुडी. पावसाळी हवेतली वाफ नळ्यांच्या भिंतींत शिरते आणि त्या फुगतात. म्हणून फळी रुंदीला वाढते, लांबीला जवळजवळ नाहीच. कोरड्या हवेत ती पुन्हा आकसते. तुमचा पोळपाट असाच एका अंगाने आकसलेला! सागवान तसं शहाणं लाकूड. तरी सहा इंची फळीतला ओलावा ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेला, तर ती दीड मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. पॉलिशने वाफ शिरायला वेळ लागतो, पण ती थांबत नाही.

जुन्या सुतारांनी यावर छान युक्ती काढली आहे. वाड्याच्या दारातली मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. उन्हाळ्यात तिच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकट पट्टी दिसते का, बघा. प्लायवूडमध्ये पातळ थर एकावर एक उभे-आडवे चिकटवतात. एक थर फुगू लागला की शेजारचा त्याला धरून ठेवतो.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी मला पुन्हा एक गल्ला बसवायला दिला. आधी खिशातून दोन नाणी काढून एकावर एक ठेवली आणि माझ्या तळहातावर दिली. "ही वरून आरपार सरकली पाहिजेत," ते म्हणाले, आणि चहा प्यायला निघून गेले.