लग्नाचे कंत्राट देता येते, जबाबदारी नाही!

एकेकाळी आपल्याकडे लग्न ठरले की सगळी वस्ती कामाला लागत असे. मंडपाचे बांबू रोवायला मंडळाची पोरे, पंगतीत वाढायला शेजारपाजार, पाहुण्यांची उतरण्याची सोय चार घरांत, आणि हिशेबाची वही एखाद्या गिरणीतल्या किंवा रेल्वेतल्या मामाच्या हाती! आज ती वस्ती इमारतींत विखुरली. पोरे नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला गेली. घरात नवराबायको दोघेही कामावर, आणि रजा मिळते ती जेमतेम चार-आठ दिवसांची. अशा वेळी लग्नाची व्यवस्था पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवणे, म्हणजे 'वेडिंग प्लॅनर' किंवा आपल्या बोलीतला 'इव्हेंटवाला' गाठणे, यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. हा इव्हेंटवाला नेमके काय देतो, आणि काय देऊच शकत नाही? याचा विचार न करता आपली माणसे भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवतात, आणि लग्नानंतर पंधरा दिवसांनी वकिलांच्या पायऱ्या चढतात. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की बहुतेक इव्हेंटवाल्यांच्या मालकीचे स्वतःचे असे फारसे काही नसते. हॉल एकाचा, मंडप-डेकोरेशन दुसऱ्याचे, जेवण केटररचे, दिवे आणि जनरेटर आणखी कोणाचे, फोटोग्राफर वेगळाच. ही सारी माणसे वेळेवर एका जागी आणणे, त्यांच्याकडून ठरलेले काम करून घेणे आणि दिवसभराच्या कार्यक्रमाचे वेळापत्रक सांभाळणे, हे त्याचे काम. तो ओळखीची माणसे देतो, धावपळ वाचवतो, अनुभवाने चार चुका टाळतो. त्याचे पैसे याच कामाचे आहेत. लग्न स्वस्तात होईल म्हणून त्याला नेमणारे मात्र हमखास निराश होतात. त्याचा मोबदला कधी ठोक रकमेत असतो, कधी एकूण खर्चाच्या टक्केवारीत, तर कधी केटरर व डेकोरेटर यांच्याकडून मिळणाऱ्या कमिशनमध्ये दडलेला असतो. 'आम्ही तुमच्याकडून फी घेत नाही' असे जो म्हणतो, त्याला हे कमिशन उघड विचारावे. टक्केवारीवर काम करणाऱ्याला खर्च वाढला तर फायदाच असतो, हे साधे गणितही विसरू नये.

दुसरी गोष्ट, 'पॅकेज' या शब्दाची. अमुक लाखात सगळे आले, असे तोंडी सांगितले जाते. 'सगळे' म्हणजे काय? ताटाचा दर किती, ताटात पदार्थ कोणते, किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील? पाचशे ताटांची हमी दिली आणि चारशे माणसे जेवली तरी पैसे पाचशेचेच जातात. साडेपाचशे आली तर वरच्या पन्नास ताटांचा दर कोणता, हे आधी ठरले नसेल तर पंगत चालू असताना ठरते, आणि तेव्हा यजमानाची मान अडकलेली असते! जनरेटरचे डिझेल, हॉलची अनामत, जादा तासांचे भाडे, साफसफाई, वाढप्यांचे पैसे, पाण्याच्या बाटल्या हे पॅकेजमध्ये आहे की वेगळे? नोंदणीकृत आयोजकाच्या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो सांगितलेल्या रकमेत धरला आहे की वर येणार? पाच लाखांवर हा फरक नव्वद हजारांचा होतो. एका कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

तिसरी गोष्ट परवानग्यांची. रस्त्यावर वा मोकळ्या मैदानात मंडप घालायचा तर स्थानिक संस्थेची परवानगी लागते, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, शासनाने जाहीर केलेले मोजके दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. 'डीजे बारापर्यंत चालवू, साहेब आपल्या ओळखीचे आहेत' असे आश्वासन देणारा इव्हेंटवाला पोलीस आले की दिसेनासा होतो, आणि जबाब नवरदेवाच्या बापाचा घेतला जातो.

मग त्याच्याकडून अपेक्षा कोणती ठेवावी? वेळेवर मांडणी, ठरलेले पदार्थ, ठरलेली माणसे, ठरलेला हिशेब, आणि लग्नाच्या दिवशी स्वतः हजर राहणारा एक जबाबदार माणूस, ज्याचे नाव व मोबाईल क्रमांक करारात लिहिलेला असेल. अपेक्षा कोणती ठेवू नये? अवकाळी पाऊस थांबवण्याची, रुसलेल्या आत्याची समजूत घालण्याची, वऱ्हाडाची गाडी घाटात अडकली तर ती सोडवण्याची! पाऊस आला तर पर्यायी जागा कोणती, एवढे मात्र त्याला आधी विचारता येते आणि विचारलेच पाहिजे.

आता कायद्याचे. आपल्याला संविधानाने हक्क दिले, पण लग्नाच्या व्यवहारात आपण कागद मागायला संकोचतो. समोरचा 'आपलाच माणूस' असला तर अधिकच. आमचे म्हणणे असे, की आपला माणूस असेल तर त्याने आनंदाने लिहून द्यावे. करारावर तारीख, जागा, कामांची यादी, एकूण रक्कम, हप्ते, रद्द झाल्यास किती परत, तारीख बदलल्यास काय आणि केटररशी करार तुमचा की त्याचा, हे सारे हवे. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. केटररची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली नसेल, तर जेवण बिघडल्यावर तो हात झटकून मोकळा होतो. पैसे चेकने वा बँकेमार्फत द्यावेत आणि किमान चौथा हिस्सा काम पूर्ण होईपर्यंत हातात राखावा. प्राप्तिकर कायद्यात २०१७ पासून एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. तेव्हा 'सगळे रोख द्या' म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगावे.

'अॅडव्हान्स परत मिळणार नाही' असे पावतीवर छापले म्हणजे विषय संपला, असे कोणी समजू नये. करार कायदा १८७२ चे कलम ७४ सांगते, की करार मोडल्यास मिळते ती वाजवी भरपाई. तिला करारातील रकमेची कमाल मर्यादा असते, पण ती सगळी रक्कम आपोआप गिळता येत नाही. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा हजारोंचे अॅडव्हान्स अडकले. करार पार पाडणेच अशक्य झाले तर घेतलेला लाभ परत करावा, हे त्याच कायद्याच्या कलम ५६ आणि ६५ मध्ये आहे. सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. ती आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. बिल किंवा पावती न देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हा पाठच करून ठेवावा!

एक गोष्ट मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये विकत मिळत नाही, ती म्हणजे कायदेशीर विवाह. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे आणि त्याचे कलम ७ दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने विवाह व्हावा असे सांगते. विधीच न होता मिळवलेल्या प्रमाणपत्राने असा विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. आणि प्रत्यक्षात काय दिसते? नवरानवरीची धुरात एन्ट्री अर्धा तास, फोटो दीड तास, आणि त्रिशरण-पंचशील व प्रतिज्ञा उरकायच्या दहा मिनिटांत, कारण 'हॉल सोडायची वेळ झाली'! वेळापत्रकात विधीचा वेळ आधी लिहावा, बाकीचे त्याभोवती बसवावे. नोंदणीचे कागद जमवण्याची धावपळ इव्हेंटवाला करील, पण सह्या वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्याच लागतात. विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करायचे असेल तर ३० दिवस आधीची नोटीस कोणत्याही पॅकेजने टळत नाही.

आणि जाता जाता एक प्रश्न. आपण मुहूर्त मानत नाही. मग मुहूर्ताचा भाव का मोजतो? लग्नतिथीला आणि मे महिन्यातल्या रविवारी हॉल, केटरर, फोटोग्राफर सगळ्यांचेच दर चढतात. मुहूर्त नसलेल्या आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तीच माणसे कमी दरात आणि जास्त लक्ष देऊन काम करतात. ज्याला पंचांगाची अट नाही, त्याच्या हाती घासाघीस करण्याचे सर्वांत मोठे हत्यार आहे. ते वापरावे, वाचलेला पैसा मुलांच्या संसाराला किंवा धाकट्याच्या शिक्षणाला लावावा.

बंधू-भगिनींनो, इव्हेंटवाल्याला जरूर नेमा. पण खर्चाचा आकडा त्याच्याकडे जाण्यापूर्वी घरात बसून ठरवा. तो ठरवताना वधू आणि वर दोघांनाही जवळ बसवा, कारण कर्जाचे हप्ते पुढे त्यांच्याच संसारातून जाणार असतात. आणि आकडा ठरल्यावर पहिला रुपया द्यायचा तो कागदावर सही झाल्यानंतरच!